तांब्याचा तळ : कला महाविद्यालयात रेखाटन शिकताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही बेळगावच्या वडगावचे, वडील मागावर काम करतात, दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. शाळेत ड्रॉइंगच्या लोअर आणि हायर या दोन्ही परीक्षा तुम्ही चांगल्या गुणांनी दिल्या आणि मोबाइलवरच्या छायाचित्रांवरून काढलेली तुमची व्यक्तिचित्रे गल्लीत सगळ्यांना आवडत आली. आता विद्यापीठाच्या दृश्यकला पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावर मात्र दोन महिने तुमच्यासमोर एक तांब्या, एक मडके आणि एक चुरगळलेली चादर मांडून ठेवलेली आहे, आणि शिक्षक रोज पाठीमागे येऊन "तू बघत नाहीस" एवढेच म्हणून पुढे जातात. वर्गातले बोलणे कन्नडमध्ये चालते आणि त्यातले अर्धेच तुम्हाला कळते. वडील विचारतात की तांब्या काढायला चार वर्षे कशाला लागतात, आणि कोल्हापूरला किंवा मुंबईला गेलो असतो तर बरे झाले असते, असे तुम्हालाही वाटू लागले आहे. मी ३० वर्षांहून अधिक काळ पदवीच्या मुलांना रेखाटन शिकवले आहे आणि हाच प्रश्न दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास कोणी ना कोणी मला विचारत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिक्षकांचे ते वाक्य तुम्हाला अपमानासारखे लागले आहे, पण रेखाटनाच्या वर्गात त्याहून नेमके वाक्य दुसरे नाही. तुमचा हात तयार आहे, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलेले असणार. गल्लीत ज्याचे चित्र हुबेहूब येते त्याचा हात तयार असतोच. पदवीच्या वर्गात तयार व्हायची असते ती दुसरीच शक्ती, आणि ती म्हणजे काम चालू असतानाच, दुसऱ्या कोणी न सांगता, स्वतःची चूक स्वतःला दिसण्याची. ही शक्ती अंगी आली की शिक्षकाची गरज हळूहळू कमी होते. ती आली नाही तर पदवी हातात पडल्यावरही माणूस आयुष्यभर "बरोबर आले का?" असे दुसऱ्याला विचारत राहतो. तांब्या, मडके आणि चादर हे सगळे या एका कामासाठी मांडलेले असते.

आता तांब्याच घ्या. घरातला नेहमीचा पितळी तांब्या, साधारण ८ इंच उंचीचा, टेबलावर ठेवा आणि त्याच्यापासून साडेसहा फुटांवर अशा बेताने बसा की तुमचा डोळा तांब्याच्या काठापेक्षा फूटभर वर राहील. काठ गोल आहे, पण तुम्हाला तो लंबवर्तुळ दिसतो आणि त्या लंबवर्तुळाची उंची त्याच्या रुंदीच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकी भरते. तळही गोल आहे, पण तो नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असल्यामुळे अधिक उघडा दिसतो. त्याची उंची रुंदीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास जाते, म्हणजे काठापेक्षा तळाचा बाक जास्त गोल यायला हवा. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी दर वर्षी २०-२५ तांबे तपासत असे, आणि त्यातल्या बहुतेकांचा काठ भरपूर उघडा आणि तळ जवळजवळ सरळ रेघेत काढलेला असे. काठ उघडा, कारण तांब्यात आत हात घालता येतो हे आपल्याला माहीत आहे, आणि तळ सपाट, कारण तांब्या सपाट टेबलावर बसला आहे हेही माहीत आहे. म्हणजे चित्र काढले गेले ते माहितीचे, समोर दिसणाऱ्या तांब्याचे नव्हे. "बघत नाहीस" याचा अर्थ एवढाच आहे.

ही चूक सापडते कशी, हे जास्त महत्त्वाचे. हात पूर्ण ताणून, कोपर न वाकवता, एक डोळा मिटून पेन्सिल आडवी धरा आणि तळाची रुंदी अंगठ्याने पेन्सिलीवर पकडा. तीच पेन्सिल उभी करून तळाच्या बाकाची खोली त्या रुंदीत किती वेळा बसते ते पाहा. कोपर किंचित जरी वाकले तरी माप बदलते, म्हणून कोपराकडे लक्ष ठेवावे लागते. मग तेच प्रमाण कागदावर तपासा. पोटाच्या सर्वांत फुगीर जागेपासून खाली ओळंबा सोडा. ओळंबा म्हणजे दोऱ्याला बांधलेली किल्लीसुद्धा चालते. तो तळाच्या कडेपासून किती बाहेर पडतो ते बघा. तांब्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना जो रिकामा आकार तयार होतो, तो एखादी वेगळी वस्तू असल्यासारखा काढून पाहा. डावा रिकामा आकार उजव्याशी जुळला नाही तर तांब्या कललेला आहे हे लगेच समजते. हे सगळे करायला १० मिनिटे लागतात, आणि ही १० मिनिटे वाचवण्यासाठी मुले पुढचे तीन दिवस चुकीच्या तांब्यावर सुंदर शेडिंग करत बसतात.

मी स्वतः हेच केले होते. पहिल्या वर्षी एका घागरीवर मी सहा दिवस काम केले, पितळेची झळाळी अगदी जिवंत उतरली होती, आणि सातव्या दिवशी आमच्या सरांनी काही न बोलता खिशातला लहान आरसा काढून माझ्या चित्रासमोर धरला. आरशात घागर सरळसरळ एका बाजूला झुकलेली होती. सहा दिवस माझ्या डोळ्यांना सवय झाल्यामुळे ती मला सरळ दिसत होती. आरशात डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल झाली आणि सवय तुटली. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या पिशवीत आरसा असतो. आरसा नसेल तर कागद उलटा, म्हणजे वरची बाजू खाली करून दहा पावले मागे जाऊन पाहावे. मागे जाणे ही तर इतकी साधी गोष्ट आहे, पण जागेवरून न उठता दोन तास चित्र काढणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत.

छायाचित्रावरून काढण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी तिथेच तुमची खरी अडचण आहे असे मला वाटते. छायाचित्रात अवघड निर्णय आधीच झालेले असतात. खोली असलेले जग सपाट झालेले असते, माणूस हलत नाही, उजेड बदलत नाही, आणि चौकटी आखून घेतल्या की काम फक्त एका सपाट पृष्ठभागावरून दुसऱ्यावर नेण्याचे उरते. त्याला हाताचे कसब लागते, मी ते कमी लेखत नाही. आपल्या भागात दिवाळीला रांगोळीतून जी व्यक्तिचित्रे काढली जातात त्यांतल्या कसबासमोर मी अनेकदा नतमस्तक झालो आहे. पण मोबाइल दोन फुटांवरून चेहऱ्याचा फोटो घेतो तेव्हा जवळचे नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि आजचे मोबाइल सावलीचा भाग आपोआप उजळ करतात. अशा शेकडो फोटोंवरून चित्रे काढून झाल्यावर डोळ्याला तीच प्रमाणे आणि तीच उजळ सावली खरी वाटू लागते. मग समोरच्या तांब्याच्या सावलीत चादरीचा जो परावर्तित उजेड पडतो, तो तुम्ही हवा त्यापेक्षा दुप्पट पांढरा करता. डोळे अर्धे मिटून बघा : सावलीतली सर्वांत उजळ जागासुद्धा उजेडातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच असते. पहिल्या दोन सत्रांत छायाचित्रावरून एकही चित्र काढू नका, असे मी स्पष्ट सांगेन. गल्लीतल्या कोणाला वाढदिवसाला चित्र द्यायचे असेल तर त्याला समोर बसवून काढा. ते कमी हुबेहूब येईल, आणि येऊ द्या.

साहित्याबद्दल थोडे. तुम्ही लिहिले आहे की क्वार्टर इम्पीरियल, म्हणजे पूर्ण इम्पीरियल कागदाच्या पाव आकाराच्या कागदावर एचबी पेन्सिलने काढता आणि मोठ्या कागदाची भीती वाटते. लहान कागदावर मनगट काम करते, मोठ्यावर खांदा, आणि प्रमाणातली चूक मोठ्या कागदावर लपत नाही. म्हणून हाफ इम्पीरियलवर, उभ्या बोर्डावर, कोळशाने काढायला सुरुवात करा. बोर्ड मांडीवर आडवा असला की कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो, आणि मग चित्र वरच्या बाजूला ताणले जाते. पहिला अर्धा तास खोडरबर पिशवीत ठेवा; चुकीची रेघ राहू द्या आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ काढा, कारण चुकीची रेघ समोर असली तरच ती किती चुकली हे मोजता येते. पावसाळ्यात आपल्याकडे, विशेषतः खानापूरकडच्या मुलांचे कागद दमट होतात आणि पेन्सिल ठिकठिकाणी वेगळी उमटते. कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोन बोर्डांच्या मध्ये सपाट ठेवावेत, सुरळी करून नेऊ नयेत.

कोळशाच्या कांड्या महाग पडतात, तर त्या घरी करता येतात. कलमकारीचे कारागीर फार पूर्वीपासून चिंचेच्या काड्या जाळून त्यांच्या कोळशाने आरेखन करत आले आहेत, आणि चिंच आपल्याकडे गावोगाव आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ काड्या घ्या, साल काढा, सावलीत आठवडाभर वाळवा आणि पत्र्याच्या लहान डब्यात दाटून उभ्या भरा. झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडा आणि डबा चुलीच्या निखाऱ्यांत ठेवा. भोकातून आधी पांढरा धूर येतो, मग तो पातळ होतो आणि शेवटी थांबतो; धूर थांबला की डबा बाहेर काढा. आता एक काळजी घ्यायची : डबा पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचा नाही. गरम असताना उघडला की हवा लागून काड्या पेटतात आणि हाताला राख येते. नीट झालेली कांडी टेबलावर टाकली की काचेसारखी किणकिणते. तिची रेघ मऊ, करडी-काळी येते आणि फडक्याच्या एका फटकाऱ्यात पुसली जाते, म्हणून चूक दुरुस्त करण्याची भीती राहत नाही. नवशिक्याला पेन्सिलीपेक्षा कोळसा द्यावा असे मी म्हणतो ते याच कारणासाठी.

खोलीतल्या उजेडाचेही एक आहे. चित्रशाळेला उत्तरेकडची खिडकी असावी असे सांगतात, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही आणि सावल्या दिवसभर जागेवर राहतात. हा नियम युरोपात जसा चालतो तसा आपल्याकडे पूर्ण चालत नाही. बेळगाव साधारण १६ अक्षांशाच्या जरा खाली आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. जून-जुलैत ढगांमुळे ते जाणवत नाही, पण मे महिन्यात घरी सराव करताना उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत आले तर गोंधळून जाऊ नका. पांढरे सुती कापड लावा किंवा सकाळी एकाच दोन तासांच्या पट्ट्यात काम करा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी बसा.

विद्यापीठाच्या वर्गात जे मिळते आणि खासगी क्लासमध्ये किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओत मिळत नाही, ते म्हणजे एका मांडणीभोवती गोल बसलेली वीस माणसे. तुम्ही ज्या डाँकीवर, म्हणजे बोर्ड टेकवून चित्र काढायच्या बाकड्यावर, बसता तिथून तांब्या मडक्याच्या पुढे दिसतो, समोरच्या मुलीला तो मडक्याआड अर्धा दिसतो. सुट्टीत चहाला सगळ्यांच्या आधी पळण्याऐवजी एक फेरी मारा. प्रत्येकाच्या जागेवर, त्याच्या डोळ्याच्या उंचीला आपला डोळा नेऊन, आधी वस्तू बघा आणि मग त्याचा कागद बघा. दुसऱ्याची चूक आपल्याला पटकन दिसते. ती दिसली की मनात टीका करून पुढे जायचे नाही, परत आपल्या जागेवर येऊन तीच चूक आपल्या कागदावर शोधायची. दहापैकी सात वेळा ती सापडते. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या शिक्षणाचा निम्मा भाग या फेऱ्यांत होतो, आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत त्याचा कुठेही उल्लेख नसतो.

पुढच्या सत्रांत मॉडेल येईल. आपल्याकडच्या महाविद्यालयांत मॉडेल म्हणून बहुधा आसपासचे कष्टकरी, वयस्कर लोक बसतात : पटका बांधलेले आजोबा, इरकल नेसलेली आजी. त्यांना नमस्कार करून, नाव विचारून कामाला लागा, आणि विचारल्याशिवाय त्यांचा फोटो काढू नका. वीस-पंचवीस मिनिटे बसले की त्यांना पाच मिनिटे विश्रांती द्यायची असते. उठण्याआधी पायांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करून घ्यायच्या, म्हणजे परत बसताना पोझ जुळते. तरीही ती पूर्ण जुळत नाही. सकाळी १० वाजता ताठ असलेला खांदा १२ वाजता बोटभर खाली आलेला असतो, मान पुढे गेलेली असते, काठीवरची पकड सैल झालेली असते. ज्याने सकाळी खांदा काढला आणि दुपारी हात काढला, त्याच्या चित्रात हात खांद्याला लागत नाही. म्हणूनच शिक्षक म्हणतात की एका कोपऱ्यातून सुरुवात करू नका, संपूर्ण आकृती पहिल्या दहा मिनिटांत कागदावर बसवा आणि मग सगळीकडे एकाच वेळी काम करत जा.

उभ्या मॉडेलच्या बाबतीत एक तपासणी पक्की लक्षात ठेवा. माणसाचे सगळे वजन एका पायावर असेल, तर गळ्याच्या खालच्या खळग्यातून सोडलेला ओळंबा त्याच पायाच्या घोट्याजवळ येतो. तुमच्या कागदावर तो दोन पायांच्या मध्ये पडत असेल तर ती आकृती उभी राहिलेली नाही, ती लटकली आहे. ज्युरीच्या वेळी, म्हणजे शिक्षक मिळून कामे तपासतात तेव्हा, "फिगर लटकते आहे", "वजन नाही", "फॉर्म (वस्तूची घनता) आला नाही, नुसते टोन (उजेड-सावलीच्या छटा) आले" अशी वाक्ये कानावर येतील, आणि प्रत्येकामागे अशीच एखादी मोजता येण्यासारखी गोष्ट असते. ती कोणती, हे शिक्षकांना तिथेच विचारा, आणि त्यांनी चित्रावर बोट ठेवून दाखवलेली जागा घरी जाण्यापूर्वी वहीत लिहून ठेवा. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, हा वर्गात सांगितला जाणारा आकडा सरासरीचा आहे. समोरचे वाकलेले आजोबा सहा डोक्यांतच बसत असतील तर सहाच काढायचे.

कन्नडबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून मला वाईट वाटले, कारण या कारणाने वर्ग सोडून गेलेली दोन-तीन चांगली मुले मला आठवली. आपल्या भागात भाषेचा प्रश्न किती दुखरा आहे हे मी जाणतो आणि त्या दुःखाला मी लहान करत नाही. पण रेखाटनाच्या वर्गाला लागणारे शब्द फार थोडे आहेत. गेरे म्हणजे रेघ, बेळकु म्हणजे उजेड, नेरळु म्हणजे सावली. बाकीचे टोन, फॉर्म, बॅलन्स, कॉम्पोझिशन हे शब्द धारवाडात आणि कोल्हापुरात एकच आहेत. "नोडि बिडिसु", म्हणजे बघून काढ, हे वाक्य तुमच्या शिक्षकांच्या तोंडी रोज असणार. कलेच्या इतिहासाचा तास मात्र भाषेवाचून निसटतो, त्यासाठी कन्नड चांगले येणाऱ्या एखाद्या वर्गमित्राशी जोडी करा. तुम्ही त्याला वस्तूची प्रमाणे मोजायला मदत करा आणि त्याने तुम्हाला टिपणे समजावून द्यावीत. असे एका बाकावर बसलेले आमचे दोन विद्यार्थी आज दोघेही शिक्षक आहेत आणि एकमेकांच्या भाषेत उत्तम बोलतात.

कोल्हापूर-मुंबईचा प्रश्न मी लवकर संपवतो. महाराष्ट्रातल्या दृश्यकला पदवीच्या सामायिक प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांची प्रात्यक्षिके असतात आणि सामान्य ज्ञानाची प्रश्नपत्रिका असते. सीमाभागातील ८६५ गावांमधल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांत तरतूद केलेली आहे, तिचा तपशील त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचावा. बडोद्याची ललित कला शाखा, बेंगळुरूची चित्रकला परिषद, म्हैसूरची चामराजेंद्र दृश्यकला अकादमी याही वाटा आहेत. कुठेही जायचे ठरवले तर सुट्टी नसलेल्या दिवशी तिथला रेखाटनाचा वर्ग स्वतः जाऊन बघा. मॉडेल आठवड्यातून किती तास बसते, वरच्या वर्गातल्या मुलांची रेखाटने भिंतीवर लागलेली आहेत का, तास संपल्यावरही कोणी काढत बसले आहे का, एवढे पाहिले की पुरे. मात्र पहिल्या वर्षाच्या मध्यावर तांब्याला कंटाळून संस्था बदलू नका, कारण तिथेही तांब्याच मांडलेला असेल.

आणि आपला भाग रेखाटनाच्या परंपरेत कुठे मागे आहे असे समजू नका. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले तेव्हा तिथे इंग्लंडच्या धर्तीवर नमुन्यांवरून आणि प्लॅस्टरच्या मूर्तींवरून नकला करण्यावर भर होता. पहिल्या महायुद्धानंतर तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात जिवंत मॉडेलवरून अभ्यास करण्याला तिथे खरे स्थान मिळाले. त्या शाळेत दीर्घकाळ शिकवणारे म. वि. धुरंधर मूळचे कोल्हापूरचे, आणि 'ग्लो ऑफ होप' या नावाने ओळखले जाणारे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लोक रांगेने पाहतात ते दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी आपल्या चित्रमंदिरात समोर बघून काढण्याची शिस्त मुलांना लावली. १९३५ साली बेळगावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांच्याकडेच शिकले, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या अलंकरणाखाली तीच पक्की रेघ दिसते. तुम्ही ज्या गावातून आला आहात तिथे हे काम आधी झालेले आहे.

म्हणून सुट्टीत बेळगावला आलात की बोर्ड घेऊन बाहेर पडा. किल्ल्यातल्या कमल बस्तीत जा. १२०४ सालचे हे जैन मंदिर आहे आणि त्याच्या काळ्या दगडाच्या खांबांवर गोल कडी कोरलेली आहेत. एका खांबासमोर जमिनीवर बसा. डोळ्याच्या पातळीवरचे कडे सरळ रेघ दिसेल, त्याच्या खालच्या कड्यांचे बाक खाली झुकतील आणि वरच्या कड्यांचे बाक वर चढतील, आणि डोळ्यापासून जितके दूर जाल तितके ते अधिक उघडत जातील. तांब्याच्या काठाचे आणि तळाचे जे गणित वर्गात दोन महिने सुटत नाही, ते त्या एका खांबावर सकाळच्या दोन तासांत उलगडते. मग उभे राहून तोच खांब पुन्हा काढा. सगळे बाक बदललेले असतील. खानापूरच्या कुंभारांच्या चाकाशेजारी बसून ओल्या मडक्याचा आकार हातांखाली कसा वर येतो तेही काढून बघा, म्हणजे मडक्याचे पोट रेघेने का फुगत नाही आणि कशाने फुगते हे कळेल. गणपतीच्या आधी मूर्तिकारांच्या शेडमध्येही असेच बसता येते. फक्त त्यांच्या कामात लुडबुड करायची नाही.

रोज किती काढावे, असे तुम्ही विचारले आहे. वर्ग सोडून रोज एक तास आणि खिशातल्या वहीत बसस्टँडवर, आठवडी बाजारात, रांगेत उभे असताना दोन-दोन मिनिटांची दहा रेखाटने, एवढे पहिल्या वर्षी पुरेसे आहे. प्रत्येक कागदावर तारीख घाला आणि मागच्या बाजूला एकच ओळ लिहा : या चित्रात मला दिसलेली चूक. पहिल्या महिन्यात तिथे "चेहरा जमला नाही" असे काहीतरी मोघम येईल. सत्राच्या शेवटी "डावा कान अर्धा बोट वर गेला" असे येऊ लागले, तर तुमचे शिक्षण नीट चालू आहे, मग गुण कितीही पडोत. चुकलेले कागद फाडू नका.

आता वडिलांच्या प्रश्नाबद्दल. त्याचे उत्तर बोलून देता येणार नाही, आणि देऊही नका. पुढच्या वेळी घरी गेलात की त्यांना विचारा की तास-दीड तास मागाशेजारी बसून काढले तर चालेल का. ते काम करत राहतील, तुम्हाला मोकळी पोझ मिळणार नाही. म्हणून आधी माग काढा, कारण तो जागेवरून हलत नाही. ताण्याचे धागे एका बिंदूकडे कसे जातात ते बघा, फणीची, म्हणजे ताण्याचे धागे वेगळे ठेवणाऱ्या कंगव्यासारख्या भागाची, उंची त्यांच्या छातीशी मोजा, ओळंबा सोडा. मग जितके जमेल तितके त्यांना काढा, हात तर नुसत्या हालचालीच्या रेघांनी. काम थांबले की कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि काहीही समजावून सांगू नका. त्यांनी तो माग हजारो दिवस पाहिलेला आहे, त्यामुळे फणी वर लागली आहे किंवा धोटा (आडवा धागा नेणारा) असा येत नाही, हे त्यांना क्षणात दिसेल आणि ते बोट ठेवून सांगतील. त्यांनी सांगितलेली जागा मागाकडे बघून, मोजून, त्यांच्यासमोरच दुरुस्त करा, आणि तो कागद तारखेसह सत्राच्या सबमिशनमध्ये लावा.